पळी कुणाच्या हातात?

कुणी धान्य निवडता निवडता ऐकत असाल, कुणी गोठ्यात रेडिओ लावून, कुणी शिवणयंत्रावर बसून. दर वेळी मी बचत, कर्ज, परतफेड आणि बँकेची कागदपत्रं यांवर बोलते. आज जरा वेगळा विषय घेतलाय. आज मी तुम्हाला गोष्टी सांगणार आहे, पण त्या शेवटी आपल्या गटाच्या पेटीपर्यंतच येऊन पोचतील.

हल्ली आपली पोरं मोबाईलवर एका प्रकारचे सिनेमे फार बघतात. जग बुडालेलं असतं, नाहीतर रोगाची साथ आलेली असते. वीज नाही, बाजार नाही, पोलीस नाहीत, सरकार नाही. उरलेली माणसं डबाबंद अन्नासाठी एकमेकांच्या जिवावर उठतात. बघून झालं की पोरं म्हणतात, "बघ आई, माणूस असाच असतो. पोटाला चिमटा बसला की जनावर होतो." आपणही मान डोलावतो. कलियुगच आलंय म्हणतो.

मला वाटतं, मान डोलावण्याआधी जरा थांबावं. कारण ही नुसती करमणुकीची गोष्ट नाही. संकटात शेजारीण आपल्या कणगीवर डोळा ठेवणार असं ज्या बाईच्या मनात पक्कं बसलं, ती संकट यायच्या आधीच कणगीला कुलूप लावते. ते कुलूप बघून शेजारीणही आपलं लावते. मग खरंच वेळ येते तेव्हा दोघी उपाशी. म्हणजे माणसाबद्दल आपण काय समजतो, यावर आपण काय करतो हे ठरतं. म्हणून या गोष्टी नीट वाचायला हव्यात. मी बी.ए.ला असताना यातल्या एका कादंबरीबद्दल पहिल्यांदा ऐकलं, बाकीच्या नंतर वाचल्या.

पहिली कादंबरी विल्यम गोल्डिंग यांची, 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज'. १९५४ साली इंग्लंडमध्ये आली. गोल्डिंग शाळामास्तर होते. दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते, माणसं मारताना आणि मरताना त्यांनी बघितली होती. पुढे १९८३ साली त्यांना नोबेल मिळालं. गोष्ट अशी, की युद्धाच्या काळात शाळकरी मुलांना घेऊन चाललेलं विमान एका निर्मनुष्य बेटावर कोसळतं. मोठं माणूस एकही उरत नाही. मुलं रॅल्फ नावाच्या पोराला पुढारी निवडतात. त्यांना एक मोठा शंख सापडतो आणि नियम ठरतो, की सभेत ज्याच्या हातात शंख त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. डोंगरावर जाळ पेटता ठेवायचा, म्हणजे धूर बघून एखादं जहाज येईल. जाळ पेटवायला एका जाड्या, दम्याच्या पोराचा चष्मा वापरतात.

पुढे सगळं बिघडतं. जॅक नावाचा मुलगा शिकारीच्या नादी लागतो. जाळ राखायची पाळी ज्यांची होती त्यांनाही तो रानडुकराच्या मागे घेऊन जातो. जाळ विझतो आणि नेमकं त्याच वेळी लांबून जहाज निघून जातं. बेटावर कुणी राक्षस आहे अशी भीती पसरते. त्या भीतीच्या भरात मुलं एका निरपराध मुलाला मारून टाकतात. शेवटी चष्मेवाला पोरगाही मारला जातो, शंखाचा चुरा होतो, आणि रॅल्फच्या मागे सगळे भाले घेऊन लागतात.

ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, बघा, भूक लागली की पोरंसुद्धा राक्षस होतात. पण मैत्रिणींनो, कादंबरी नीट वाचली तर त्या बेटावर भूकच नाही. झाडांना फळं आहेत, गोडं पाणी आहे, समुद्र आहे. उपासमारीने तिथे कुणीही मरत नाही. आधी मोडते ती पाळी. जाळ राखायची पाळी. मग मोडतो बोलायचा नियम. शंख हातात असलेला बोलत असताना दुसरे ओरडायला लागतात. मग येते भीती. आणि जॅक काय करतो? मांस वाटतो. जो माझ्या बाजूला त्याला मांस. पळी त्याच्या हातात जाते. आपल्याकडे पंगतीत म्हणतात ना, वाढणारा ओळखीचा असला की शेवटी बसलं तरी चालतं. तेच तिथे घडतं. म्हणजे ही गोष्ट भुकेची नाही. पाळी, बोलणं आणि वाटप हातातून गेल्याची आहे. शेवटी एक नौदलाचा अधिकारी येतो आणि मुलांना रागावतो, की तुम्ही असं कसं वागलात. पण तो स्वतः युद्धनौकेवरून उतरलेला असतो. त्याची मोठी माणसंही समुद्रावर तेच करत असतात.

आता हीच गोष्ट खरोखर घडली तेव्हा काय झालं, ते ऐका. प्रशांत महासागरात टोंगा नावाचा बेटांचा देश आहे. १९६५ साली तिथल्या एका वसतिगृहाच्या शाळेतली सहा मुलं शाळेला कंटाळून, कुणाची तरी होडी घेऊन पळाली. रात्री वादळात शीड फाटलं, सुकाणू तुटलं. आठ दिवस होडी भरकटली आणि अटा नावाच्या ओसाड बेटाला लागली. मुलं तिथे पंधरा महिने राहिली. सप्टेंबर १९६६ मध्ये पीटर वॉर्नर नावाच्या ऑस्ट्रेलियन कप्तानाला ती सापडली. सहाच्या सहा जिवंत.

त्यांनी तिथे काय केलं होतं? भाजीचा मळा लावला होता. झाडाचे बुंधे पोखरून पावसाचं पाणी साठवलं होतं. कोंबड्यांसाठी खुराडं होतं. दोघादोघांच्या जोड्या करून कामाच्या पाळ्या लावल्या होत्या. स्वयंपाक, मळा आणि पहारा. एकदा पेटवलेला विस्तव विझू दिला नाही. एकाचा पाय मोडला, तर बाकीच्यांनी काठ्या-पानांनी बांधून तो बसवला आणि त्याच्या वाटचं काम आपसांत वाटून घेतलं. भांडणं झाली नाहीत का? झाली. पण त्यासाठीही नियम होता. भांडणाऱ्या दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जायचं आणि राग उतरला की परत येऊन माफी मागायची. रोज प्रार्थना आणि गाणी. होडीच्या तारा, नारळाची करवंटी आणि वाहून आलेलं लाकूड यांची त्यांनी गिटारसुद्धा केली होती.

याचा अर्थ माणूस मुळातच चांगला असतो, असं म्हणायची घाई मी करणार नाही. ती सहाच मुलं होती, एकाच शाळेतली, एकमेकांची मित्र, कष्टाची सवय असलेली. शंभर अनोळखी माणसं असती तर काय झालं असतं, ते यावरून ठरत नाही. आणि अजून एक गोष्ट. अटा बेट ओसाड का होतं? तिथे आधी वस्ती होती. १८६३ साली गुलामांचा व्यापार करणारं जहाज आलं, बेटावरच्या माणसांना फसवून उचलून नेलं, आणि उरलेल्यांना तिथून हलवावं लागलं. त्या लोकांच्या मागे राहिलेल्या केळी आणि कोंबड्या यांवर ही मुलं शंभर वर्षांनी जगली. म्हणजे एकाच बेटावर माणसाचे दोन्ही चेहरे दिसतात. आणि वाईट चेहरा उपाशी पोरांचा नव्हता. तो भरल्या पोटाच्या व्यापाऱ्यांचा होता.

आता तिसरी गोष्ट. ही बायकांनी जरूर ऐकावी. पोर्तुगालचे लेखक जुझे सारामागो यांची कादंबरी, १९९५ सालची. इंग्रजीत तिचं नाव 'ब्लाइंडनेस', म्हणजे आंधळेपण. सारामागोंना १९९८ साली नोबेल मिळालं. एका शहरात सिग्नलला गाडी थांबवून बसलेला माणूस अचानक आंधळा होतो. अंधार नाही, सगळं पांढरं दिसतं, दुधात बुडाल्यासारखं. एक माणूस मदत म्हणून त्याला घरी पोचवतो आणि त्याची गाडी चोरून नेतो. मग तो चोरही आंधळा होतो. साथ पसरत जाते. सरकार आंधळ्यांना एका जुन्या वेड्यांच्या इस्पितळात कोंडतं. बाहेर सैनिकांचा पहारा. जवळ आला तर गोळी. जेवणाची खोकी दारात ठेवली जातात, वाटून घ्या तुमचं तुम्ही.

त्या कोंडलेल्यांत एक डॉक्टर आहे आणि त्याची बायको. तिला दिसतंय, पण नवऱ्याबरोबर राहता यावं म्हणून तिने आंधळी झाल्याचं खोटं सांगितलंय. पुढे एका वॉर्डातले गुंड पिस्तुलाच्या जोरावर सगळं जेवण ताब्यात घेतात. आधी म्हणतात, दागिने आणा, पैसे आणा. प्रत्येक वॉर्ड मुकाट्याने गोळा करून देतो. ते संपल्यावर म्हणतात, आता बायका पाठवा.

इथे मी दोन गोष्टींवर बोट ठेवते. त्या गुंडांत एक माणूस जन्मापासून आंधळा आहे. त्याला ब्रेल येतं. सगळ्या इमारतीत लिहिता-वाचता येणारा आंधळा तोच. तो कुणासाठी हिशेब लिहितो? गुंडांसाठी. कुठल्या वॉर्डाने किती दागिने दिले, किती बाकी आहेत. मैत्रिणींनो, आपण गटात सारखं म्हणतो, लेखे नियमित हवेत. पण लेखे नियमित असणं पुरेसं नाही. वही कुणाच्या बाजूने लिहिली जाते, तेही बघावं लागतं. सावकाराची वहीसुद्धा अगदी नियमित असायची.

दुसरी गोष्ट, बायकांची मागणी आल्यावर वॉर्डातल्या पुरुषांचं वागणं. एक जण म्हणतो, माझी बायको जाणार नाही, माझी इज्जत आहे. त्याची बायको म्हणते, इतर बायकांपेक्षा मी वेगळी नाही, त्या जातील तर मीही जाईन. मग त्या बायकांच्या वाट्याला जे आलं, त्याच्या जिवावर सगळा वॉर्ड जेवला, इज्जतीची भाषा करणारेही जेवले. संकट सगळ्यांवर सारखं येतं असं म्हणतात. ते खरं नाही. एकाच्या अंगावरून घड्याळ जातं, दुसरीच्या अंगावर घाला येतो.

शेवटी डॉक्टरची बायको कात्री घेऊन जाते आणि त्या टोळीच्या म्होरक्याला ठार करते. ते चूक की बरोबर? मी हा प्रश्न दोन गटांत विचारला होता. बहुतेकजणी म्हणाल्या, बरोबर केलं. एक आजी मात्र म्हणाल्या, "बरोबरच केलं गं, पण पहिली अंगठी काढून दिली त्या दिवशी सगळे कुठं होते?" मला वाटतं, कादंबरीतला खरा प्रश्न आजींनीच पकडला. कात्री उचलायची वेळ येण्याआधी बरेच दिवस गेलेले असतात. त्या दिवसांत प्रत्येक वॉर्ड आपापल्यापुरतं बघत होता.

आणि ज्या बाईला दिसत होतं तिला चैन पडत नाही. एकदा दिसलं की जबाबदारी टळत नाही. पुढे तीच सहा-सात माणसांना हात धरून शहरातून नेते, अन्न शोधते. पाऊस येतो तेव्हा तीन बायका गच्चीत कपडे धुतात, अंग धुतात. इतकी घाण, इतकी विटंबना झाल्यावर त्या पहिलं काम काय करतात, तर धुणं. मला त्यात आपल्या बायका दिसल्या.

आता परक्या मुलखातून आपल्याकडे येऊ. आपल्याकडेही अशी कादंबरी आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ सालची. माणदेशातली धनगरांची वस्ती आणि तिथे आलेला तरुण मास्तर. सगळे मिळून तालीम बांधतात. मग दुष्काळ पडतो. माणसं एकमेकांचे गळे धरत नाहीत. जनावरं घेऊन, संसार पाठीवर टाकून वाट फुटेल तिकडे जातात. वाडी रिकामी होते. आपल्याकडचं कोसळणं बऱ्याचदा असंच असतं. आरडाओरड होत नाही, घरांना कुलपं लागत जातात.

पण १९७२च्या दुष्काळाची आठवण तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. दुष्काळी कामं निघाली होती. खडी फोडायची, बांध घालायचे, पाझर तलाव. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. हाताला फोड यायचे, मिलो ज्वारी घशाखाली उतरत नव्हती. हाल कमी नव्हते. पण हजेरीपट होता, मजुरी होती, सुकडी होती. त्यातूनच पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. त्याआधी १९४३ साली बंगालमध्ये असाच आधार मिळाला नव्हता, तेव्हा लाखो माणसं रस्त्यावर मेली. बंगालची माणसं स्वभावाने वाईट आणि महाराष्ट्राची चांगली, असं होतं का? नाही. फरक हजेरीपटाचा होता. माणसाचा स्वभाव आपण रात्रीतून बदलू शकत नाही, पण हजेरीपट बनवू शकतो.

आता २०२० सालचं सांगते, टाळेबंदीचं. गावोगावी वेशीवर बाभळीचे फेस टाकून रस्ते अडवले होते, आठवतंय ना? आपल्या भागातले ऊसतोड मजूर कारखान्यावरून परत आले. त्यांना गावाबाहेर शाळेत ठेवलं होतं. त्यांत आपल्याच गटांतल्या बायका होत्या, लेकरं होती. वाटेने जाणारे तोंड फिरवून जायचे. मी काम बघते त्यातल्या एका गटाची बैठक झाली, अंतराअंतरावर बसून, देवळाच्या ओट्यावर. पेटीत आणि खात्यात मिळून थोडी बचत होती. दोन मतं पडली. काहीजणी म्हणाल्या, पैसे वाटून टाका, उद्याचं कुणी बघितलंय. काहीजणी म्हणाल्या, धान्य घेऊन शाळेतल्या माणसांना द्या.

एक मावशी फार जोरात बोलल्या. म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याची दर महिन्याला औषधं आहेत. माझ्या बचतीतून मी परक्याला का घालू?" त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या जनावर झाल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. सिनेमावाल्यांनी त्यांना खलनायक केलं असतं. अध्यक्षताईंनी काय केलं, तर प्रत्येकीला दोन-दोन मिनिटं बोलू दिलं आणि मधे कुणाला तोंड घालू दिलं नाही. बेटावरच्या शंखासारखंच. मग ठराव झाला. बचत वाटायची नाही. ज्यांना औषधपाणी आहे त्यांना आधी, बिनव्याजी अंतर्गत कर्ज. उरलेल्यातून ठरावीक रकमेचं धान्य, आणि त्यात शाळेतली सगळी कुटुंबं धरायची, गटातली आणि गटाबाहेरची. यादी दोघींनी करायची, वाटप तिसरीने. इतिवृत्तात सगळ्यांच्या सह्या झाल्या. मावशींनीही सही केली, आणि दुसऱ्या दिवशी पिठाची पिशवी पोचवायला त्याच गेल्या.

याने जग बदललं नाही. शाळेतल्या लोकांना जे अपमान सोसावे लागले, ते त्यांच्या मनातून जाणार नाहीत. वाटलेलं धान्यही पुरेसं नव्हतंच. पण तो गट फुटला नाही, आणि आजही चालू आहे. का टिकला? त्या बायका देवमाणसं होत्या म्हणून नव्हे. महिन्याच्या महिन्याला बैठक घ्यायची, बोलायची पाळी पाळायची, हिशेब मोठ्याने वाचायचा, ही सवय त्यांना आठ वर्षांची होती. वाईट दिवसांत माणूस नवीन काही शिकत नाही. चांगल्या दिवसांत जे हाताला लागलंय तेच करतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. आपण पंचसूत्री म्हणतो, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. कितीजणींना ते कागदी काम वाटतं. 'ताई, सह्या करून टाकू, बैठक झाली असं लिहा,' असं म्हणतात. तसं करू नका. ती बैठक म्हणजे संकटाची रंगीत तालीम आहे.

पुढच्या बैठकीत अर्धा तास यासाठी ठेवा. तीन प्रश्न घ्या. पूर आला, साथ आली, टँकर बंद झाला, तर आपल्याकडच्या पैशातून आधी कुणाला द्यायचं? यादी कोण करणार आणि वाटप कोण करणार? दोन्ही कामं एकाच बाईकडे नकोत, मग ती कितीही चांगली असो. आणि तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड, आपल्या यादीत गटाबाहेरचं कोण बसतं? वस्तीवरची एकटी राहणारी म्हातारी, भाड्याने राहणारी परगावची बाई, जिच्याशी आपलं बोलणं नाही ती शेजारीण. आज पोटभर जेवून, शांत डोक्याने ठरवा आणि ठराव लिहून ठेवा.

आणि पोरं पुन्हा तसा सिनेमा बघत बसली तर मोबाईल हिसकावू नका. शेजारी बसा आणि विचारा, यात धान्य कुणाच्या ताब्यात आहे? हिशेब कोण लिहितंय? कुणाला बोलू दिलं जात नाही? यातल्या बायका कुठे आहेत? पोरांना उत्तरं देता येतील. मग 'माणूस असाच असतो' हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्या सहज येणार नाही.

तुमच्या गटाने काय ठराव केला, ते मला जरूर कळवा. पुढच्या वेळी आपण बोलू बँकेच्या नव्या कर्जप्रकरणाबद्दल, तेव्हा वही-पेन घेऊन बसा. नमस्कार.